उसातला कोल्हा आणि माळावरचे खोकड

इचलकरंजीहून पंचगंगेच्या काठाने रुईकडे किंवा शिरढोणकडे गेले म्हणजे दृष्टी पोचेल तेथवर ऊसच ऊस दिसतो. जेथे रान उरले नाही तेथे रानातले जनावर कोठून असणार, असे आपण सहज म्हणून जातो. पण जनावराला रान हवे असते ते आडोसा, पाणी आणि भक्ष्य ह्यांसाठी. उसाचा फड ह्या तिन्ही गोष्टी पुरवितो. बारा-बारा महिने उभे राहणारे, माणसाच्या डोक्यावर जाणारे दाट पीक, पाटाचे पाणी, आणि आत उंदीर-घुशींचा सुकाळ! आपण साखरेसाठी लावलेला ऊस कोल्ह्याच्या व बाऊलाच्या लेखी जंगलच होय.

‘कोल्हा काकडीला राजी’ ही म्हण ज्याने रचली त्याला प्राणिशास्त्र वेगळे शिकवावयास नको. उंदीर, खेकडे, बोरे, मेलेले ढोर, गावकुसाबाहेरचा उकिरडा, कोल्ह्याला काहीच वर्ज्य नाही; ऊसही तो चघळतो. बाऊल, म्हणजे आपले रानमांजर, मात्र मुख्यतः शिकारीवर जगते. ते दिवसाला तीन ते पाच उंदीर खात असावे, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. वर्षाचा हिशेब केला तर उंदरांची संख्या हजारावर जाते. एखादे वेळी त्याने कोंबडी नेली तर शेतकऱ्याने हाही हिशेब मनात आणावा.

मग काय, माणसाबरोबर राहण्याची युक्ती सर्वांनाच साधली? तसे नाही. खोकड घ्या. पुष्कळ लोक त्याला लहान कोल्हाच समजतात, पण ते उघड्या माळाचे जनावर. माळात बीळ करावे, किडे, उंदीर, बोरे खावीत, आणि दुरून येणारा शत्रू पाहून सटकावे, हा त्याचा क्रम. उसात त्याला चार हातांपलीकडचे दिसावयाचे नाही. ज्या पाटाच्या पाण्याने कोल्ह्याला घर दिले, त्याच पाण्याने माळ नांगराखाली आणून खोकडाचे घर नेले. त्यात कुत्र्यांची भर. सोलापूरजवळ नान्नजच्या माळावर अबी वनक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग करून पाहिला. कुत्रे जवळ असले की खोकड समोर ठेवलेले अन्नही पुरते खात नाही. शिवाय कुत्र्यांचे रोग त्याला लागतात ते निराळेच. तेव्हा ‘जुळवून घेणे’ हा काही हुशारीचा प्रश्न नव्हे. आपण केलेला बदल कोणाच्या पथ्यावर पडतो, एवढाच तो प्रश्न आहे.

उसातले बिऱ्हाडही कायमचे नसतेच. हंगाम सुरू झाला, कोयते चालू लागले, की वर्षभराचे जंगल दोन दिवसांत भुईसपाट होते. अशा वेळी पाचटात बाऊलाची पिल्ले सापडतात. अंगावर पुसट पट्टे असल्यामुळे ‘बिबट्याची पिल्ले’ म्हणून गावभर बोभाटा होतो. कोणी त्यांना घरी नेऊन गाईचे दूध पाजतो; हेतू चांगला, पण पिल्ले बहुधा दगावतात. वास्तविक ती टाकलेली नसतात. आई माणसांच्या गलबल्याने जवळच कोठे दबून असते. म्हणून पाचट पेटविण्यापूर्वी फड एकदा पाहून घ्यावा, पिल्ले सापडली तर वनखात्याला कळवावे, आणि त्यांना जेथल्या तेथे बांधाच्या कडेला टोपलीत ठेवून माणसांनी दूर व्हावे. रात्री आई येते आणि मानगूट धरून एकेक पिल्लू शेजारच्या उभ्या फडात घेऊन जाते.