सारखं नाव, दोन पाट्या : ट्रेडमार्कचा वाद कसा सुटतो?

‘आमची कुठेही शाखा नाही’ असं हॉटेलच्या पाटीवर लिहिलेलं तुम्ही नक्की वाचलं असेल. असं का लिहावं लागतं? कारण खाण्याच्या धंद्यात गिऱ्हाईक नावावर येतं. चव लोकांच्या जिभेवर बसली की तेच नाव लावून दुसरा कोणीतरी दुकान थाटू शकतो. मग वाद थेट कोर्टात जातो. तिथे निर्णय कसा होतो, ते आज समजून घेऊया.

ट्रेडमार्क म्हणजे काय?

आपला माल किंवा सेवा इतरांपेक्षा वेगळी ओळखता यावी म्हणून वापरलेलं नाव, चिन्ह किंवा अक्षरं म्हणजे ट्रेडमार्क. भारतात यासाठी 1999 चा ट्रेडमार्क कायदा आहे. नोंदणी 10 वर्षांसाठी असते, पुढे नूतनीकरण करता येतं. माल आणि सेवांचे 45 वर्ग आहेत. बिस्किटं 30 व्या वर्गात, तर हॉटेलची सेवा 43 व्या वर्गात येते. मात्र ‘मिसळ’ किंवा ‘वडापाव’ असा नुसता पदार्थाचा शब्द कोणालाच स्वतःच्या मालकीचा करून घेता येत नाही.

पुण्याचा ‘बर्गर किंग’ खटला

पुण्यात 1992 पासून ‘बर्गर किंग’ नावाचं एक स्थानिक हॉटेल आहे. याच नावाच्या अमेरिकन कंपनीने त्याच्यावर 2011 मध्ये दावा लावला. कंपनीचा धंदा अमेरिकेत 1954 पासूनचा, पण भारतातलं तिचं पहिलं दुकान उघडलं 2014 मध्ये!

ऑगस्ट 2024 मध्ये पुण्याच्या जिल्हा न्यायालयाने कंपनीचा दावा फेटाळला. डिसेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अपील चालू असेपर्यंत पुण्याच्या हॉटेलला हे नाव वापरायला मनाई केली. मार्च 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मनाईला स्थगिती दिली. लक्षात घ्या, हे शेवटचे दोन्ही आदेश अंतरिम, म्हणजे अपिलाचा निकाल लागेपर्यंतचे होते.

एवढी ओढाताण का? कायद्याचं कलम 34 सांगतं, की नोंदणीकृत मालकाच्या आधीपासून जो सलग नाव वापरतोय, त्याला मालक अडवू शकत नाही. पण इथे मालकाची तारीख म्हणजे त्याचा वापर किंवा नोंदणी, यांतली जी आधीची असेल ती. मग वापर परदेशातला धरायचा की भारतातला? सगळा वाद अशा तारखांभोवती फिरतो. छोट्या हॉटेलवाल्याची मात्र तीस वर्षांची ओळख यात पणाला लागते.

गिऱ्हाईक फसेल का?

दुसरा मोठा प्रश्न हाच. ‘ग्लुकोव्हिटा’ आणि ‘ग्लुविटा’ या नावांच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने 1959 मध्ये सांगितलं, की नावं शेजारी ठेवून अक्षरं मोजायची नाहीत. साधारण बुद्धीच्या माणसाला नाव अर्धवटच आठवतं. त्याचा घोटाळा होईल का, ते बघायचं. तिथे नावं फार जवळची ठरली.

याउलट कर्नाटकात दूध महासंघाचं ‘नंदिनी’ आणि एका हॉटेलचं ‘नंधिनी’ असा वाद होता. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हॉटेलच्या बाजूने निकाल दिला, कारण दुधाचा धंदा वेगळा, हॉटेलचा वेगळा, आणि चिन्हंही वेगळी दिसत होती. म्हणजे नाव सारखं असलं म्हणून चोरी झालीच, असं नाही.

मग आपण काय करायचं?

उद्या तुमच्या घरात कोणी मसाल्यांचा किंवा डब्यांचा व्यवसाय सुरू केला, तर पाटी रंगवण्याआधी ट्रेडमार्क नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर ते नाव शोधून बघा. योग्य वर्गात अर्ज करा. पहिल्या दिवसापासूनची बिलं, जाहिराती, परवाने जपून ठेवा. नोंदणी नसली तरी नावाची पत कमावलेल्या व्यावसायिकाला कोर्टात दाद मागता येते, पण ‘आम्ही आधीपासून आहोत’ हे सिद्ध करायला कागदच लागतात. बिलांची जुनी फाईल रद्दीत घालू नका, मित्रांनो!