विश्लेषण : जुन्या बुलेट-राजदूतचे ट्यून-अप घरीच करायचे, तर कोणती अवजारे घ्यावीत?

गडचिरोलीत जुनी गाडी सांभाळणाऱ्याची खरी अडचण अंतराची आहे. सिरोंचा जिल्हा मुख्यालयापासून दोनशे किलोमीटरच्या आसपास. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. त्यात पॉइंटची गाडी जाणणारे मिस्त्री कमी होत चालले आहेत. आलापल्लीच्या जंगलात गाडी बंद पडली, तर डिकीतल्या अवजारांवरच भागवावे लागते. मात्र त्यासाठी हजारो रुपयांचा संच लागत नाही.

सर्वांत आधी काय घ्यावे?

फीलर गेज. साधारण दीड-दोनशे रुपयांत मिळणारी ही पातळ पात्यांची जुडी ट्यून-अपचे निम्मे काम करते. जुन्या बुलेटच्या पॉइंटमधील फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असावी लागते. ती नजरेने जुळत नाही. फट कमी झाली की पॉइंट जळतात, वाढली की वेगात ठिणगी कमजोर होते. ०.०५ मिमीपासूनची पाती असलेले गेज घ्यावे आणि तेलाचा हात फिरवून ठेवावे; आपल्याकडच्या पावसात ते लगेच गंजते.

दुसरा प्लग पाना. १४ मिमी आट्यांच्या जुन्या प्लगला २१ मिमीचा पाना बसतो, त्यामुळे बुलेट आणि राजदूत दोन्हींचे काम एकात भागते.

पाने घेताना कुठे फसगत होते?

मापात. जुन्या बुलेटवर अनेक ठिकाणी ब्रिटिश मापाचे नट आहेत, जुन्या पेट्रोल जीपवर इंची. त्यावर मिलिमीटरचा पाना ‘जवळपास’ बसतो आणि नटाची कड गोल करून ठेवतो. आठवडी बाजारातला चकचकीत ४० नगांचा संच म्हणूनच टाळावा. आधी आपल्या गाडीचे नट मोजावेत, मग लागणारे सहा-सात पाने सुटे घ्यावेत. नाशिकमध्ये बनणारे टपारिया किंवा त्या दर्जाचे दुसरे चालतील. पैसे वाचवायचे तर ते स्क्रू-ड्रायव्हरवरही वाचवू नयेत. कार्बोरेटरचा पितळी जेट मऊ असतो, घसरत्या टोकाने त्याची खाच लगेच खराब होते.

टायमिंग लाइट लागतेच का?

लागत नाही. बाजारातील बहुतेक टायमिंग लाइट १२ व्होल्टच्या असतात. सहा व्होल्टच्या जुन्या गाडीसाठी वेगळी बॅटरी जोडावी लागते. कॉइल-बॅटरीच्या बुलेटवर गाडीच्याच व्होल्टचा छोटा बल्ब पुरतो. एक तार पॉइंटच्या वायरला, दुसरी अर्थला जोडायची, चावी सुरू करून इंजिन हाताने फिरवायचे. पॉइंट उघडताच बल्ब पेटतो. तो क्षण टायमिंगच्या खुणेशी जुळला पाहिजे. राजदूतच्या मॅग्नेटोवर ही युक्ती बरोबर चालत नाही. तिथे पॉइंटमध्ये सिगारेटचा पातळ कागद धरावा. तो सैल सुटला की पॉइंट उघडला.

कास्ट आयर्न बुलेटच्या टॅपेटला तर गेजही नको. इंजिन थंड असताना, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकावर आणून पुशरॉड चिमटीत फिरवावा. तो मोकळा फिरावा, पण वर-खाली हलू नये.

खर्च कुठे वाढवावा?

साध्या मल्टिमीटरवर. दोन-तीनशे रुपयांत तुटलेली वायर, उतरलेली बॅटरी आणि खराब अर्थ सापडते. यातली निम्मी दुखणी आपण उगाच कार्बोरेटरच्या माथी मारतो. कॉम्प्रेशन गेज चार मित्रांत मिळून एक घेतले तरी चालेल.

पीयूसी आणि नव्या पेट्रोलचे काय?

पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते. ३१ मार्च २००० पूर्वीच्या दुचाकीसाठी पीयूसीत कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ४.५ टक्के आहे. मिश्रण जाड असेल तर गाडी इथेच अडते. उलट २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे मिश्रण पातळ होते. प्लगचे टोक पांढरे पडले तर कार्बोरेटर तपासावे आणि पेट्रोलची रबरी नळी दरवर्षी बदलावी. जेट साफ करताना तार मात्र घालू नये; मासेमारीचा नायलॉन दोरा वापरावा.