साइन की कोसाइन? आलेख ओळखताना होणारे गैरसमज

लाटेसारखा आलेख समोर आला की बरेच विद्यार्थी एकच ठोकताळा लावतात: शून्यातून निघाला तर साइन, वरून निघाला तर कोसाइन. हा ठोकताळा अर्धाच खरा आहे, म्हणून परीक्षेत नेमका तोच दगा देतो.

गैरसमज १ : दोन्ही आलेखांचे आकार वेगळे असतात.
वस्तुस्थिती : आकार एकच असतो. साइनचा आलेख ९०° डावीकडे सरकवला की कोसाइनचा आलेख मिळतो. फरक फक्त जागेचा आहे.

गैरसमज २ : आरंभबिंदूतून गेला म्हणजे साइनच.
वस्तुस्थिती : य = १ − कोसाइन क्ष हा आलेखही आरंभबिंदूतूनच जातो, पण तिथे तो तळाला असतो. म्हणून आधी मध्यरेषा काढा. सर्वांत मोठी व सर्वांत लहान किंमत यांची बेरीज करून निम्मी केली की ती मिळते. मग य-अक्षावर पाहा. तिथे वक्र मध्यरेषेवर असेल तर साइन सोयीचा. वर चढत असेल तर धन, उतरत असेल तर ऋण. शिखरावर असेल तर धन कोसाइन, तळाला असेल तर ऋण कोसाइन. यांपैकी काहीच नसेल, तर कोणतेही फल घ्या, ते सरकवावे लागेलच.

गैरसमज ३ : हा वक्र म्हणजे एकाआड एक उलटसुलट जोडलेली अर्धवर्तुळे.
वस्तुस्थिती : साइन ३०° = ०.५, साइन ६०° ≈ ०.८७ आणि साइन ९०° = १. म्हणजे पहिल्या ३०° मध्येच निम्मी उंची गाठली जाते आणि शेवटच्या ३०° मध्ये जेमतेम ०.१३ ची भर पडते. वक्र मध्यरेषेपाशी सर्वांत तीव्र चढतो, पण अर्धवर्तुळासारखा उभा कधीच होत नाही.

गैरसमज ४ : शिखरापासून तळापर्यंतचे अंतर म्हणजे आयाम, आणि क्षचा गुणक वाढला की लाट रुंद होते.
वस्तुस्थिती : आयाम त्या अंतराच्या निम्मा असतो. गुणक वाढला की लाट अरुंद होते, कारण आवर्तकाल = ३६०° ÷ गुणक.

गैरसमज ५ : एका आलेखाचे एकच समीकरण बरोबर असते.
वस्तुस्थिती : समजा, शिखर ५ वर आहे, तळ −१ वर आहे, एक शिखर य-अक्षावर आहे आणि पुढचे १२०° वर. मध्यरेषा २, आयाम ३, गुणक ३६० ÷ १२० = ३. म्हणून य = २ + ३ कोसाइन ३क्ष. हाच आलेख य = २ + ३ साइन (३क्ष + ९०°) असाही लिहिता येतो. दोन्ही उत्तरे पूर्ण बरोबर आहेत.

थ्री-फेज विजेतही हेच दिसते. तिन्ही फेजच्या व्होल्टेजच्या लाटा एकाच आकाराच्या, एकमेकींपासून १२०° सरकलेल्या. त्यांतली साइन कोणती, हे आपण शून्य वेळ कुठे धरतो त्यावर ठरते.

म्हणून आलेख पाहताच नाव देण्याची घाई करू नका. मध्यरेषा, आयाम, आवर्तकाल आणि य-अक्षावरील स्थान या क्रमाने चार गोष्टी वाचा. समीकरण त्यांतूनच मिळते.