बोरीची छाटणी

आलुबुखार नावाचे आंबटगोड फळ शहराच्या बाजारात मिळते. हे झाड काश्मीर, हिमाचलासारख्या थंड मुलखातले. हिवाळ्यात कडक थंडी मिळाली नाही, तर ते नीट फुलत नाही. आपल्या यवतमाळात उन्हाळ्यात पारा ४४ अंशांपर्यंत चढतो. वर हिरवी जाळी ताणली तर ऊन कमी होईल. पण जाळी थंडी कोठून आणणार?

मग आपलं झाड कोणतं? वावराच्या धुऱ्यावर उभी असते ती बोर! तिची मुळं खोल जातात. पाऊस दगा देतो, पऱ्हाटी वाळते, तरी बोर तग धरते. मात्र रानबोरीची फळे बारीक असतात. त्यांना भाव येत नाही. ही बोर सुधारता येते. कशी, ते पाहू.

उन्हाळ्यात रानबोर जमिनीपासून दोन फुटांवर कापावी. तिला नवे फुटवे येतात. त्यांतला पेन्सिलीएवढा जाड, सरळ फुटवा ठेवावा. पावसाळ्यात त्यावर उमराण किंवा मेहरूण अशा चांगल्या जातीचा डोळा भरावा. डोळ्याखालचे फुटवे काढत राहावे. ते वाढले, तर कलम दबते आणि पुन्हा रानबोरच उरते.

कलमाचं रोप लावलं असेल, तर त्याला पहिला उन्हाळा जड जातो. पश्चिमेकडून तुराट्यांचा आडोसा करावा. झाड मोठं झालं की सावली नको. सावलीत फळ कमी धरते.

आता छाटणी. "हातानं वाढवलेलं झाड हातानं कसं तोडायचं?" असे पुष्कळ जण म्हणतात. पण बोरीचा स्वभाव ओळखा. तिला फळ येते ते त्याच वर्षीच्या नव्या फांदीवर. छाटणी झाली नाही, तर जोमदार नवी फूट कमी येते. झाड नुसते पसरते, आत अंधार होतो, बोरे लहान राहतात.

उन्हाळ्यात बोरीची पानं गळतात. झाड झोपी जाते. तेव्हा, म्हणजे एप्रिल-मे महिन्यांत, छाटणी करावी. चार-पाच मुख्य फांद्या ठेवाव्या. गेल्या वर्षीची वाढ आखूड करावी. वाळलेल्या, रोगट आणि एकमेकींत अडकलेल्या फांद्या काढाव्या. मोठ्या जखमेवर बोर्डो मलम लावावे. १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १० लिटर पाणी, हे त्याचे प्रमाण. मोरचूद लोखंडी भांड्यात भिजवू नये. छाटलेल्या काट्या कुंपणाला कामी येतात.

मन धजत नसेल, तर आम्ही एक उपाय सांगतो. दोन सारख्या बोरींपैकी एकच छाटा. हिवाळ्यात दोन्हींची बोरं वेगळी तोला. मग पुढच्या उन्हाळ्यात काय करायचं, ते तुमचा तराजूच सांगेल.