हाताचा वेग ओळखणारा नॉब

१९५२ साली रेडिओ सिलोनवर अमीन सायानी यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि पुढे कितीतरी वर्षे घराघरांत बुधवारच्या संध्याकाळी एकच हुकूम सुटत असे, “रेडिओला कुणी हात लावू नका!” सिलोन शॉर्टवेव्हवर लागायचे. नॉब केसभर इकडे सरकला की गाण्याच्या जागी शिट्टी, केसभर तिकडे गेला की भलत्याच भाषेतल्या बातम्या. म्हणून प्रत्येक घरात स्टेशन लावणारा हात ठरलेला असे, बहुधा अब्बांचा किंवा एखाद्या सब्रवाल्या फूफीचा. त्या नॉबच्या मागे दोरी, लहान-मोठी चाके आणि सरकणारा काटा असायचा. नॉब बराच फिरवावा तेव्हा काटा थोडासा हलायचा. चांगल्या सेटमध्ये तर बारीक जुळवणीसाठी आणखी एक नॉब दिलेला असे.

हे सगळे आठवायचे कारण म्हणजे आमच्या वारज्यात एका घरी नुकताच पाहिलेला हौशी रेडिओचा सेट. त्याला दोरी नाही, चाके नाहीत, काटाही नाही. नॉब मात्र एकच, आणि तो हाताचा वेग ओळखतो.

हौशी रेडिओवाल्यांना ‘हॅम’ म्हणतात. सरकारी परीक्षा देऊन परवाना घ्यायचा, आपले सांकेतिक नाव मिळवायचे आणि स्वतःच्या सेटवरून दूरच्या माणसाशी थेट बोलायचे. भारतात वयाच्या बाराव्या वर्षापासून ही परीक्षा देता येते. मोबाइलच्या जमान्यात हा उद्योग कशाला, असे वाटेल. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत अंदमानचे फोन बंद पडले, तेव्हा पोर्ट ब्लेअरमध्ये असलेल्या भारती प्रसाद आणि त्यांच्या हॅम साथीदारांनी अशाच सेटवरून लोकांची खुशाली मुख्य भूमीवर पोहोचवली होती.

या सेटमध्ये अडचण कुठे येते पाहा. हॅम मंडळी बहुतेक ज्या पद्धतीने बोलतात तिच्यात आवाजाला फार कमी जागा लागते, पण नॉब अगदी नेमका जुळावा लागतो. पन्नास-शंभर हर्ट्झ चुकले तर समोरच्याचा आवाज जाडा किंवा बारीक होतो, आणखी चुकले तर माणूस बदकासारखा बोलू लागतो. म्हणजे नॉबची एकेक टिकटिक पन्नास हर्ट्झपेक्षा मोठी नसावी. आता शिक्षकाच्या सवयीने आम्ही हिशेब मांडतो. समजा नॉबच्या एका फेरीत २० टप्पे आहेत, तर एका फेरीत झाले १००० हर्ट्झ. भारतात ७ ते ७.२ मेगाहर्ट्झ हा हॅम लोकांचा आवडता पट्टा आहे. तो या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकायला २०० फेऱ्या लागतील. आणि ७ वरून १४ मेगाहर्ट्झवर जायचे असेल तर ७००० फेऱ्या! सेकंदाला दोन फेऱ्या मारल्या तरी तासभर मनगट पिळत बसावे लागेल. बरे, टप्पा मोठा करावा, १०,००० हर्ट्झचा करावा, तर मधली तीन-तीन संभाषणे ओलांडून नॉब पुढे जाईल.

यावर निघालेला तोडगा असा, की नॉब सावकाश फिरवला तर टप्पा लहान आणि जोरात फिरवला तर टप्पा मोठा. आपण धान्य मोजतो तसेच हे. आधी मापाने भराभर, शेवटी चिमटीने. नॉबच्या मागे आता ‘रोटरी एन्कोडर’ नावाचा छोटा भाग असतो. त्यात दोन स्विच एकामागोमाग उघडमीट करतात. कोणता आधी उघडला त्यावरून दिशा कळते. ठरावीक वेळात किती वेळा उघडमीट झाली, ते मोजले की वेग कळतो. बाकी काम प्रोग्रामचे.

हा प्रोग्राम उघडून वाचता येईल असा एक सेट आपल्याच देशात घडला आहे. हैदराबादचे अशहर फरहान यांनी ‘बिटएक्स’ या नावाने स्वस्त सेटची रचना केली आणि ती सर्वांसाठी खुली ठेवली. परदेशी सेट सामान्य माणसाला परवडत नाही, सुटे भाग मिळत नाहीत, तेव्हा बाजारात मिळेल त्यातून सेट व्हावा हा त्यांचा आग्रह. या रचनेत तार गुंडाळायला नळाचे वायसरसुद्धा चालत! २०१७ च्या अखेरीस त्यांचा ‘मायक्रो-बिटएक्स’ आला, ३ ते ३० मेगाहर्ट्झपर्यंत चालणारा. त्यांच्या संचांमधली तारेची वेटोळी महिलांच्या एका गटाकडून हाताने गुंडाळून घेतली जात. बायकांच्या बोटांतल्या हुनराला दाद देणारे यंत्र म्हणून आम्हाला ते जास्त आवडले.

त्याच्या सुरुवातीच्या प्रोग्रामात नॉबचा भाग दहा-पंधरा ओळींचाच आहे. सेकंदाच्या विसाव्या भागात किती टप्पे झाले ते मोजायचे. थोडेच झाले तर ५० हर्ट्झ पुढे जायचे. जरा जास्त झाले तर ५००, मग १०००, मग १०,०००, आणि नॉब अगदी गरकन फिरला तर एकदम २ लाखांवर. आठवीच्या मुलालाही समजेल अशी ही ‘जर-तर’ची उतरंड आहे.

वारज्यातल्या त्या घरी हाच सेट होता. आमचा एक माजी विद्यार्थी आणि त्याचे नाना. नाना तारखात्यात होते. देशातली तारसेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली, त्याच्या कितीतरी आधी ते निवृत्त झाले होते. रोज सकाळी फजरनंतर चहा घेऊन सात मेगाहर्ट्झवर जुन्या दोस्तांशी बोलायचे, हा त्यांचा नेम. हायवेचा आवाज खिडकीतून येतो, शेजारच्या इन्व्हर्टरची आणि एलईडी दिव्यांची खरखर सेटमध्ये येते, तरी त्यांचा कान पक्का. पण गेल्या वर्षापासून हात थरथरू लागला. दोस्ताचा आवाज जुळवायला जावे, बोट निसटून नॉबला झटका बसावा आणि आकडा हजार-दहा हजारांनी उडावा. दोस्त गायब. पुन्हा शोधा, पुन्हा झटका. महिनाभराने त्यांनी सेटवर रुमाल टाकून ठेवला. घरच्यांना वाटले सेट बिघडला. नाना म्हणाले, “सेट चांगला आहे. तो मला घाईत असलेला तरुण समजतो.”

नातवाने प्रोग्राम उघडला. मोठ्या उड्यांच्या ओळी काढून टाकल्या, ५०० च्या जागी १०० लिहिले. लांब जायचे तर वेगाने फिरवण्याऐवजी नॉब दाबून धरायचा आणि टप्पा बदलायचा, असे केले. शिवाय लहान नॉब काढून लोणच्याच्या बरणीच्या झाकणाएवढा मोठा बसवला. चाक मोठे असले की हात तेवढाच थरथरला तरी नॉब कमी फिरतो. रुमाल निघाला. आता एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायला नानांना वेळ लागतो, पण त्यांना कुठे जायचे असते? त्यांचे दोस्त रोज त्याच आकड्यावर भेटतात.

मोठ्या कंपन्यांनाही हे कळते. आयकॉमच्या काही सेटमध्ये ही वेगाची सोय जास्त ठेवा, कमी ठेवा किंवा अजिबात बंद करा, असे तिन्ही पर्याय असतात. आमच्या मते ‘बंद’ हा पर्याय प्रत्येक सेटमध्ये हवाच. डोळ्यांनी न दिसणारे कित्येक लोक हॅम आहेत. ते टप्पे मोजत जातात, दहा टिकटिक म्हणजे पाचशे हर्ट्झ, असे. टप्प्याची किंमत हाताच्या वेगानुसार बदलू लागली की त्यांचा सगळा हिशेब कोसळतो. आकडा बोलून सांगणारा सेट असेल तर ठीक, नाहीतर डोळसांची सोय ती त्यांची गैरसोय.

एन्कोडर आणि छोटा आर्डुइनो बोर्ड आणला की वेगाचा हा खेळ घरच्या टेबलावर करून पाहता येतो. नुसता आकडा पडद्यावर बदलायचा असल्याने परवान्याचा प्रश्नच येत नाही. आम्ही नववीच्या मुला-मुलींपुढे तो ठेवला. एका मुलीने मोजण्याची वेळ दुप्पट केली, तर सावकाश फिरवणाऱ्याचेही टप्पे दुप्पट भरू लागले आणि यंत्र त्याला जलद समजू लागले. मग वेळ निम्मी केली, तर कितीही जोरात फिरवा, आकडा मुंगीच्या पावलाने. आता वर्गात दोन तट पडले आहेत. मुले म्हणतात विसावा भागच बरोबर. ती मुलगी म्हणते, आधी प्रत्येकाचा हात मोजू, मग आकडा ठरवू. गुरुवारी तास आहे, तेव्हा ती दादीला घेऊन येणार आहे.