आकाशपाळण्याचे तीन अंक

नातवंडांच्या संगणकावरील ‘रोलरकोस्टर टायकून’ हा खेळ ज्येष्ठांनीही एकदा पाहावा. ख्रिस सॉयर यांनी रचलेला हा खेळ १९९९ साली आला. त्यात आपण मनोरंजन उद्यान उभारतो. तेथे वाहतुकीसाठी छोटी आगगाडी, सौम्य गटात मेरी-गो-राउंड व आकाशपाळणा, थरारक गटात झुलते जहाज, शिवाय पाण्यातील सफरी आणि रोलरकोस्टर असतात.

प्रत्येक पाळण्याला रंजकता, तीव्रता आणि मळमळ असे तीन स्वतंत्र अंक मिळतात. वैद्यकीयदृष्ट्याही हा भेद योग्यच आहे. अंतर्कर्ण आणि डोळे यांच्याकडून मेंदूला विसंगत संदेश मिळाले की मळमळ होते; म्हणून संथ गतीने गोल फिरणेही काहींना सोसत नाही. तीव्रतेचा भार मात्र मान, मणके आणि हृदय यांवर पडतो.

हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, हाडांचा ठिसूळपणा असलेल्यांनी किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी तीव्र पाळणे टाळावेत. चक्कर येण्याचा विकार असल्यास सौम्य, पण गोल फिरणारे पाळणेही नकोत. छोटी आगगाडी बहुतेकांना मानवते. चढता-उतरताना आधार मात्र द्यावा.

खेळातील पाहुणा न झेपणारा पाळणा प्रवेशद्वारापाशीच नाकारतो, मळमळू लागले की बाकावर विसावतो. त्याला कोणी भित्रा म्हणत नाही. घरातील ज्येष्ठांच्या ‘नको’लाही तोच मान मिळावा, आग्रहापेक्षा सावलीतील बाक आणि पाण्याची बाटली त्यांच्या अधिक उपयोगी पडेल.