चौक पुसला गेला, फोटो तरी राहावा

वारली घरात लग्न निघालं की सवाष्णी कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. मधोमध पालघाट देवी, भोवती झाडं, माणसं, जनावरं. लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते आणि लग्न लागतं. पुढे कधीतरी भिंत पुन्हा सारवली जाते आणि चौक नाहीसा होतो. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रं कागदावर, कापडावर आणून जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण घराघरांत लिहिला गेलेला चौक आज उरतो तो कुणाच्या तरी फोनच्या गॅलरीत. पालघर जिल्ह्यात आशागडपासून तलासरीपर्यंत असे कितीतरी फोन काच तडकलेल्या अवस्थेत कपाटात पडून आहेत. त्यांत लग्नचौक आहेत, गेलेल्या आजीचा एकुलता फोटो आहे, वनहक्क दाव्याच्या कागदांचे फोटो आहेत.

नोव्हेंबर २०१८ पासून याच भागातल्या धुंदलवाडीच्या आसपास भूकंपाचे धक्के सुरू झाले, तेव्हा लोकांनी थंडीत रात्री घराबाहेर काढल्या. अशा वेळी घरातलं सगळं उचलता येत नाही. म्हणून फोटोंची एक प्रत घराबाहेर, क्लाउडवर असायला हवी, आणि ती पाठवायला जुना फोन पुरेसा आहे. अडचण होते ती त्याबद्दलच्या समजुतींमुळे.

पहिली समजूत अशी, की सिम काढलं म्हणजे फोन निकामी झाला. तसं नाही. फोन सुरू होत असेल आणि वायफाय पकडत असेल तर काम होतं. नव्या फोनचा हॉटस्पॉट लावला तरी चालतं. फार जुने फोन मात्र बाद झाले आहेत: अँड्रॉइड २.३.७ किंवा त्याआधीची आवृत्ती असलेल्या फोनवर २७ सप्टेंबर २०२१ पासून गूगल खात्यात शिरताच येत नाही. हॉटस्पॉट वापरताना एक लक्षात ठेवा. जुना फोन त्याला साधं वायफाय समजतो आणि ‘फक्त वायफायवर बॅकअप’ असं ठरवलेलं असलं तरी तुमचा रोजचा डेटा भराभर संपवतो. साधारण १२ मेगापिक्सेलचा फोटो ३ ते ४ एमबीचा असतो. म्हणजे दिवसाच्या दीड जीबीत साधारण पावणेचारशे ते पाचशे फोटो वर जातात. व्हिडिओ फार जागा खातात, ते मागून पाठवा.

‘गूगलवर सगळं फुकट राहतं’ हे एके काळी बरंचसं खरं होतं. २०१५ मध्ये गूगल फोटोज सुरू झालं तेव्हा थोड्या कमी दर्जाचे फोटो कितीही ठेवता येत. १ जून २०२१ पासून ती सोय बंद झाली. त्याआधी त्या दर्जात चढवलेले फोटो आजही मोजणीत येत नाहीत; त्यानंतरचे मात्र जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून असलेल्या १५ जीबीत धरले जातात. ॲपलच्या आयक्लाउडवर फुकट जागा ५ जीबीच आहे.

याला एक अपवाद आहे, आणि जुन्या फोनची चर्चा बहुधा त्यावरूनच निघते. २०१६ च्या पहिल्या पिक्सेल फोनमधून चढवलेले फोटो मूळ दर्जात, कितीही असले तरी, मोजणीत धरले जात नाहीत. पिक्सेल २ ते पिक्सेल ५ मधून चढवलेल्या फोटोंना ही सवलत आता फक्त ‘स्टोरेज सेव्हर’ दर्जात आहे, म्हणजे फोटो १६ मेगापिक्सेलपर्यंत आणि व्हिडिओ १०८०पी पर्यंत. इतर कुठल्याही जुन्या फोनला अशी सवलत नाही. पिक्सेल घरात असला तरी फोटो आधी त्या फोनमध्ये उतरवून तिथूनच वर पाठवावे लागतात. नव्या फोनवरचा बॅकअप सुरू राहिला तर तेच फोटो १५ जीबी भरून टाकतात. तेवढ्यासाठी बाजारातून जुना पिक्सेल विकत घ्यावा असं मला वाटत नाही. त्याची बॅटरी आता फार जुनी झालेली असते.

सर्वांत जास्त फोटो ज्या समजुतीपायी जातात ती अशी: ‘वर गेलेत ना, मग फोनमधून उडवले तरी चालतील.’ गूगल फोटोज ॲप उघडून, बॅकअप झालेला फोटो निवडून डिलीट दाबलं, तर तो फोनमधून जातो, क्लाउडवरून जातो आणि त्याच खात्याच्या दुसऱ्या फोनमधूनही जातो. तो ६० दिवस ट्रॅशमध्ये राहतो, मग कायमचा पुसला जातो. आयक्लाउड फोटोजही असंच वागतं, तिथे मुदत साधारण ३० दिवसांची. फोनमधली जागा मोकळी करायची असेल तर ॲपमधला ‘फ्री अप स्पेस’ हा पर्याय वापरायचा. तो वर पोहोचलेल्या फोटोंच्या फोनमधल्याच प्रती काढतो. घरातली मुलं जागा करायला म्हणून पटापट डिलीट दाबतात, त्यांना हा फरक आधी सांगा.

व्हॉट्सॲपवर पाठवलं म्हणजे जपलं, असंही मानलं जातं. फोटो म्हणून पाठवलेलं चित्र व्हॉट्सॲप दाबून लहान करतं आणि त्यातली काढल्याची तारीख-जागा काढून टाकतं. चौकातल्या बारीक रेघा अशा प्रतीत पुसट होतात. पाठवायचंच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. आणि इतरांकडून व्हॉट्सॲपवर आलेले फोटो आपोआप वर जात नाहीत. गूगल फोटोजच्या सेटिंगमध्ये त्या फोल्डरचा बॅकअप वेगळा सुरू करावा लागतो.

आता खात्याची गोष्ट. रिचार्ज परवडला नाही की सिम बंद पडतं, मग नवं सिम, नवा नंबर. आपल्याकडे बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. गूगल खात्याला तोच जुना नंबर जोडलेला असेल तर पासवर्ड विसरल्यावर येणारा ओटीपी परक्या माणसाकडे जाईल आणि तुम्ही बाहेर राहाल. फोटो असतील, पण तुम्हाला दिसणार नाहीत. दुकानात फोन घेताना दुकानदाराने घाईत काढून दिलेल्या खात्यांचं असं हमखास होतं. त्यामुळे नंबर बदलला की त्याच दिवशी खात्यातला नंबर बदला आणि पासवर्ड घरातल्या वहीत लिहून ठेवा. दोन वर्षं अजिबात न वापरलेलं गूगल खातं, त्यातल्या फोटोंसकट, पुसून टाकण्याचा नियमही डिसेंबर २०२३ पासून अमलात आला आहे.

जुना फोन बॅकअपसाठी दिवसरात्र चार्जरला लावून ठेवू नका. सतत पूर्ण भरलेली आणि तापलेली लिथियम बॅटरी लवकर खराब होते आणि कधी फुगते. मागचं झाकण उचललेलं दिसलं तर तो फोन पुन्हा चार्ज करू नका.

आणि क्लाउडही शेवटी कुठल्यातरी इमारतीतली यंत्रंच असतात. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथे ओव्हीएच कंपनीचं डेटा सेंटर जळालं आणि दुसरी प्रत न ठेवलेल्या अनेक ग्राहकांचा डेटा कायमचा गेला. म्हणून अगदी मोलाच्या फोटोंची आणखी एक प्रत मेमरी कार्डावर किंवा पेन ड्राइव्हवर काढून नातेवाइकांकडे ठेवा.

जुना फोन विकण्याआधी किंवा कुणाला देण्याआधी दुसऱ्या फोनवर त्याच खात्यात शिरा आणि सर्वांत जुना, मधला आणि शेवटचा फोटो उघडून पाहा. तिन्ही उघडले की मग जुन्या फोनमधून गूगल खातं काढा आणि त्यानंतरच फॅक्टरी रीसेट करा. खातं न काढता बटणं दाबून रीसेट केला, तर घेणाऱ्याकडे फोन तुमचाच पासवर्ड मागत बसतो.